डब्यासकट

कुदळ खण्णकन वाजली तेव्हा ती ओट्याशी चहा गाळत उभी होती, आणि तो आवाज कशाचा आहे हे अख्ख्या घरात फक्त तिलाच माहीत होतं. गाळणी हातात तशीच राहिली. चहाचा एक ओघळ कपाबाहेर गेला, ओट्याच्या कडेवरून तिच्या पावलावर टपकला, तरी ती हलली नाही. मागच्या दाराबाहेर क्षणभर सगळं गप्प. मग पुन्हा एकदा, या वेळी जपून, चाचपल्यासारखं, टण्. दगडावर कुदळ पडली तर आवाज बसका येतो, विटेवर पडली तर भुसभुशीत येतो. हा पत्र्याचा होता, आणि घर घेतल्यापासून आपण याच आवाजाची वाट बघत होतो, हे तिला आत्ता कळत होतं.

"अगं ए, बाहेर ये जरा!" नवरा ओरडला. "इथे काहीतरी पुरलंय."

ती गेली. तो लिंबाच्या झाडाशी गुडघे टेकून बसला होता आणि हातांनी माती उकरत होता. मातीतून गंजलेल्या पत्र्याची एक सरळ कड वर आली होती.

"पाइप असेल," ती म्हणाली. खोटं बोलायचं तर निदान बरं तरी बोलावं, तेही तिला सुचलं नाही.

"पाइप चौकोनी असतो होय?" त्याने अजून थोडी माती सारली. "हा तेलाचा डबा आहे. आणि डब्याच्या आत..." त्याने झाडाच्या खोडाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "लिंबू अजून डब्यातच आहे?"

"हो."

"तू डब्यासकट पुरलंस?"

"हो."

तो उठला. भिंतीच्या कडेने गुलाब होता, अनंत होता, मोगरा होता, कोपऱ्यात जाईचा वेल होता. प्रत्येकाच्या बुंध्याशी तो वाकला आणि मातीत बोट खुपसत गेला. बोटभर मातीखाली प्रत्येक ठिकाणी काठ लागला. कुठे कुंडीचा, कुठे प्लास्टिकच्या बरणीचा, आणि जाईखाली तर त्यांची जुनी, कान तुटलेली आंघोळीची बादली. बादली हाताला लागली तशी त्याला हसू फुटलं. "ही बादली मी सगळ्या घरात शोधली! झाडं लावलीस की धन पुरून ठेवलंस गं? आणि मी गाढव खतं घालतोय वर! पलीकडच्या मास्तरांशी मातीवरून भांडण काढलं मी. म्हटलं, तुमच्या भिंतीतनं चुना उतरतो, म्हणून आमची झाडं वाढत नाहीत." हसता हसता त्याला ठसका लागला. त्याने मनगटाने डोळे पुसले, कपाळाला माती लागली, आणि मग हसू ओसरलं तसा तो तिच्याकडे बघत राहिला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "का गं, आपल्याला कुठे जायचंय का?"

कुठे जायचंय! हे घर घेण्यासाठी त्या माणसाने उभा जन्म लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या होत्या. ग्रीसने माखलेले हात घेऊन अंधाऱ्या खड्ड्यात उतरायचं, दोरखंड तपासायचे, वर यायचं, पुढच्या इमारतीत जायचं. निवृत्त झाला त्या दिवशी म्हणाला होता, "आयुष्यभर लोकांना वर नेलं, आता मला खाली मातीत बसू द्या." म्हणून शहराच्या कडेला, बैठ्या घरांच्या रांगेतलं हे शेवटचं घर. मुलगा शिकायला लांब गेलेला, घरात दोघंच. पुढे रस्ता आणि मागे हा परस, म्हणजे तेव्हा परस कसला, बिल्डरने घर बांधून उरलेलं सगळं जिथे लोटलं होतं तो उकिरडा. विटांची डोकी, सिमेंटची घट्ट झालेली पोती, खिळे मारलेल्या फळ्या, फुटक्या फरश्यांचा ढीग. पाय ठेवला की करकर वाजायचं. पहिल्या दिवशी ती मागच्या दाराच्या पायरीवर उभी राहिली होती आणि तिला वाटलं होतं, बरंय की, इथे काही लावायलाच नको. नवऱ्याला मात्र त्याच ढिगात बाग दिसत होती. रोज सकाळी एक घमेलं, संध्याकाळी एक घमेलं, असं करत त्याने तो ढीग उपसला. फुटक्या फरश्या टाकल्या नाहीत. निळ्या, पांढऱ्या, लालसर, कुणाच्या न्हाणीघरातल्या, कुणाच्या जिन्यावरच्या, त्या तुकड्यांना तुकडे जुळवत त्याने दारापासून एक पायवाट काढली. ती वाट थोडी वाकडी गेली. सरळ का नाही, असं तिने विचारल्यावर म्हणाला, "सगळा जन्म सरळ वर आणि सरळ खाली गेला. वळू दे की जरा." मग मातीची गाडी आली, मग भिंतीशी पाणी साचायचं म्हणून त्याने चर खणला, मग दगडाचा एक बाक आला. कामं वाटून घेतलेली होती. फरश्या, पाणी, दगड त्याचे. झाडं तिची. आणि झाडं लावण्यासाठी ती दर वेळी तो सिमेंट आणायला, नळाची तोटी आणायला बाहेर गेलेला असतानाची वेळ धरायची, हे त्याच्या कधी ध्यानातही आलं नाही.

मुद्दाम केलं का? ती स्वतःलाच विचारत होती. दुसऱ्या दिवशी कामावर, समोर मेणाची कवळी आणि हातात तापवलेली सुरी, आणि डोक्यात तो खण्ण आवाज. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. मेणात दात बसवायचे, त्याभोवती प्लास्टरचा साचा ओतायचा, मेण वितळवून काढायचं, त्या जागी गुलाबी मसाला भरायचा, शिजवायचा. आणि शेवटी साचा फोडायचा. नव्या मुली साचा फोडायला घाबरत. एवढे दिवस राबून केलेलं, आत तडकलं तर? ती त्यांना हसायची. "अगं, प्लास्टरवर एवढा जीव लावू नका. ते फोडायलाच असतं." लाकडी हातोडीचे दोन टोले, प्लास्टरची खपली, आत हसरे दात. इतकी वर्षं फोडत आली, हात कधी थरथरला नव्हता. आणि घरी, गुलाबाचं रोप कुंडीतून काढायची वेळ आली तेव्हा मात्र तिने कुंडी आडवी धरली, थोपटली, रोपाचा बुंधा बोटांत पकडला, आणि काय झालं कुणास ठाऊक, कुंडी पुन्हा सरळ केली, खड्डा जरा मोठा खणला आणि ती कुंडी तशीच आत ठेवली. वरून माती सारखी केली. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, किती छान लावलंय. आणि तिला केवढं हलकं वाटलं होतं! उद्या निघायचं झालं तर उचललं की चालले.

हे उद्या निघायचं तिच्या अंगात भिनलं होतं ते वडिलांच्या नोकरीतून. वडील पुलांच्या खात्यात. पूल बांधायला घेतला की तिथे बदली, पूल झाला की पुढच्या नदीवर. लोकांना पलीकडे जायला वाट करून द्यायची आणि आपण मात्र अलीकडेच बिऱ्हाड हलवायचं, असं आई म्हणायची. सरकारी घरं सगळी सारखी, तोच पिवळा रंग, तीच हिरवी दारं, फक्त खिडकीतली नदी वेगळी. आणि प्रत्येक घरात आईचा एकच कायदा. भिंतीला खिळा नाही, जमिनीत झाड नाही. कॅलेंडर टेबलावर आडवं. आरसा खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेला, त्यापुढे वाकून सगळ्यांनी भांग पाडायचे. वडील दाढी करताना इतके वाकत की दादा म्हणायचा, बाबा आरशाला नमस्कार करतायत. पण हा कायदा आधीपासूनचा नव्हता. त्याच्या आधी एक घर होतं. तिथे आईने दाराशी जाई लावली होती, चांगली जमिनीत, आणि कडेने शेवंतीचा वाफा. जाई छपरावर गेली आणि बदली आली. नव्या गावी पोचल्यावर लक्षात आलं की पाट्यावरचा वरवंटा तिथेच राहिला. आई तिला घेऊन बसने परत गेली. दाराशी जाई नव्हती. नव्या बिऱ्हाडाने ती मुळापासून काढली होती आणि तिथे स्कूटर उभी करायला सिमेंटचा चौथरा केला होता. त्यांची चूक काहीच नव्हती. त्या बाई उलट चांगल्या होत्या, पाणी दिलं, वरवंटा पुसून दिला. परतीच्या बसमध्ये आई वरवंटा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली होती. रडली वगैरे नाही. लहानगी ती शेजारून आईची नुसती मान बघत होती, ताठ, अगदी दोरी ओढून धरावी तशी, आणि तिला वाटत होतं आपण काहीतरी बोलावं, पण काय बोलावं ते सुचत नव्हतं. नव्या घरी लिंबाची बी तेलाच्या डब्यात पडली. डबे गंजत गेले, बदलत गेले, लिंबू तेच. ते कधी कमरेच्या वर गेलं नाही. एक-दोनदा फूल आलं, वाटाण्याएवढं लिंबू धरलं आणि गळलं. वडील गेले तेव्हा सरकारी घर सोडायला मुदत मिळाली, त्या मुदतीत सगळं सामान आवरलं, आणि टेम्पोत सगळ्यात शेवटी, दोरीने बांधून, लिंबू चढलं आणि तिच्याकडे आलं.

आता आईच तशी झाली होती. तीन महिने दादाकडे, तीन महिने तिच्याकडे. दादाने कधी नको म्हटलं नाही, वहिनीने कधी तोंड वाकडं केलं नाही, तिचा तर आई यायच्या आठवडाभर आधीपासून पाय जमिनीवर नसायचा. पण आई यायची ती पाहुणीसारखी. एक निळी पिशवी, तिला चेन. साड्या पिशवीतून निघायच्या आणि धुऊन, घडी होऊन पिशवीतच जायच्या. कपाटातला खण रिकामा करून ठेवला तरी रिकामाच राहायचा. दात घासून झाले की ब्रशसुद्धा पिशवीत. "पंखा लावू का गं?" असं विचारायची, आपल्याच लेकीच्या घरात! आणि लेकीच्या ओठांवर दर वेळी एक वाक्य यायचं, आई, आता इथेच राहा. यायचं आणि परत जायचं. दादाला काय वाटेल, हे एक. पण खरं भय ते नव्हतं. आईने नाही म्हटलं तर? आणि त्याच्याही खालचं एक होतं, ते तिला आत्ता, हातातली सुरी मेणात थिजत असताना दिसलं. ज्या घरात आपण स्वतः डब्यासकट राहतोय, तिथे दुसऱ्याला कायमचं राहा कुठल्या तोंडाने म्हणायचं? कवळीतला एक सुळा वाकडा बसला होता. तिने तो उपटून पुन्हा बसवला.

नवऱ्याने पुढे काही विचारलं नाही, हे त्याचं मोठेपण. फक्त संध्याकाळी तो पायवाटेच्या कडेला फरशी बसवत असायचा आणि ती आली की सहज म्हणायचा, "आज एखादं काढू या का?" पहिल्या दिवशी मोगरा निघाला. कुंडी फोडायला तिने प्रयोगशाळेतली लाकडी हातोडी आणली, तिच्यासारखी दुसरी हातोडी तिच्या हाताला बसत नव्हती. टोला मारला, कुंडी दुभंगली. मग माती मोकळी झाली, मोगरा खड्ड्यात बसला, आणि रात्री अंथरुणात पडल्यावर तिला सारखं वाटत राहिलं की आपण दाराला कडी लावायची विसरलोय. दुसऱ्या आठवड्यात गुलाब. मग अनंत. जाईची बादली निघाली तेव्हा नवऱ्याने ती घासूनपुसून पुन्हा न्हाणीघरात नेऊन ठेवली आणि म्हणाला, "आली बाई माहेरवाशीण!" ती हसली. हळूहळू दारही लागल्यासारखं वाटू लागलं. गुलाबाला हाताच्या तळव्याएवढी पानं आली, तशी तो मास्तरांकडे गेला आणि चुन्याबद्दल माफी मागून आला. लिंबाला मात्र तिने हात लावू दिला नाही. ते मलूल होतं, पानं पिवळी, कडांना जळल्यासारखी. "ते आईचं आहे," ती म्हणाली. "आईला विचारल्याशिवाय नाही."

आई आली. पिशवी पलंगाखाली गेली, तिच्यातला आरसा खिडकीच्या कट्ट्यावर. चहा झाल्यावर जावयाने तिला काठीसह पायवाटेवरून नेलं, एकेक फरशी कुठून आली ते सांगत. लिंबापाशी येऊन ती थांबली. डब्याची कड उघडी होती, तशीच ठेवली होती.

"हे काय गं?"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, कुंड्या, बरण्या, बादली. सांगताना तिचे कान तापले, शाळेत उभं केल्यासारखे. आई आधी बघतच राहिली. मग काठीवर दोन्ही हात ठेवून इतकी हसली, इतकी हसली की जावयाला तिला बाकावर बसवावं लागलं. "शहाणीच आहेस! अगदी माझी मुलगी." मग पदराने डोळे पुसत तिने लिंबाचं एक पिवळं पान बोटांत धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं. "जावईबापू, पत्रा कापायची कात्री आहे?"

"आई, अगं मरेल ते," ती म्हणाली. "इतक्या वर्षांचं आहे. आता नाही सोसायचं त्याला."

"आणि डब्यात काय मोठं नांदतंय? टिकून आहे बिचारं. तुम्ही कापा हो. हिचं ऐकू नका."

जावयाने डबा एका कोपऱ्यापासून कापत आणला. पत्रा सोलून निघाला आणि आत माती दिसलीच नाही. नुसती मुळं. मुळांचा एक चौकोनी ठोकळा, डब्याच्या आकाराचा, कोपऱ्यांसकट, आतल्या आत फिरून फिरून गोल गोल गेलेली पांढरी-तपकिरी दोरी. डब्याच्या तळाचे अक्षरांचे उठावसुद्धा त्या मुळांवर उमटले होते. आईने काठी बाजूला ठेवली, बाकावरून खाली उतरली, सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांनी मातीत बसली, आणि बोटांनी मुळं सोडवायला लागली. खालच्या टोकाकडून, एकेक. "गुंता नेहमी टोकाकडून सोडवायचा," ती पुटपुटत होती. "तुझे केस असेच होते. आणि तू अशीच बोंबलायचीस." काही मुळं तुटत होती, तुटताना बारीक आवाज येत होता, आणि दर आवाजाला लेकीचा जीव खालीवर होत होता. तिला आईची मान दिसत होती. वाकलेली, सैल, पांढऱ्या केसांची एक बट घामाने चिकटलेली. बसमधली ती मान नव्हती ही. ती खाली बसली आणि दुसऱ्या बाजूने सोडवू लागली.

लिंबू जमिनीत गेलं आणि पानं टाकायला लागलं. रोज खाली पिवळा सडा. एक दिवस शेवटचं पानही गेलं आणि काट्यांची काडी तेवढी उभी राहिली. मास्तरांनी भिंतीवरून डोकं काढलं आणि म्हणाले, "गेलं हो ते."

"मास्तर," आई बाकावरून म्हणाली, "शाळेतसुद्धा तुम्ही परीक्षेच्या आधीच निकाल लावायचात का?"

मास्तरांचं डोकं खाली गेलं. पण लेकीला रात्री झोप लागेना. आपण तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. आपण हट्टाने नाही म्हणायला हवं होतं. आईजवळ वडिलांच्या काळातलं दुसरं होतं काय? सकाळी कामावर जायच्या आधी ती लिंबाजवळ जायची, नखाने साल अगदी किंचित खरवडायची. आत हिरवं असायचं. रोज हिरवं असायचं, आणि रोज ती तेवढ्यावर दिवस काढायची. प्रयोगशाळेत नव्या मुलीच्या हातून साचा फुटताना कवळीला तडा गेला, ती मुलगी रडवेली झाली. हिने पुन्हा मेण तापवायला ठेवलं आणि मुलीला शेजारी बसवून घेतलं.

दादाचा फोन आला. तीन महिने संपत आले होते. "रविवारी येतो गाडी घेऊन," तो म्हणाला. आईने फोन मागून घेतला. "हे बघ बाळा, तुझ्या बहिणीने माझं झाड उघडं पाडून ठेवलंय. लिंबाला पान फुटू दे, मग येते." पलीकडे दादा काहीतरी बोलला. "हो, झाडासाठी. का, झाडासाठी थांबू नये असं कुठे लिहिलंय?" असं म्हणून आईने फोन परत दिला आणि ताटली विसळायला उठली. लेक फोन धरून तशीच उभी. आईने आजवर ठरलेल्या दिवसापलीकडे एक दिवससुद्धा मुक्काम वाढवला नव्हता, कधीच नव्हता, तापातसुद्धा ठरल्या दिवशी गाडीत बसली होती. तो रविवार गेला. पुढचा रविवार गेला. दादाचे फोन येत राहिले, आधी रागाचे, मग हसण्यावारी. "काय म्हणतंय तुमचं लिंबू?" आणि तिच्या लक्षात यायला लागलं की आपण रोज सकाळी लिंबाकडे जातो ते दोन मनांनी. एक मन म्हणतं, फूट रे बाबा एकदा. दुसरं म्हणतं, आज नको. आज राहू दे.

आणि फुटलं. सकाळचं ऊन नुकतं भिंतीवरून उतरलं होतं, पायवाटेच्या निळ्या फरशीवर पोचलं होतं. खोडाच्या बेचक्यात, जुन्या काट्याच्या खाली, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी हिरवं. तिने डोळे चोळले. होतंच. तिच्या छातीत आनंद असा उसळला की ती "अहो" म्हणून हाक मारणारच होती, आणि तोंड उघडलं तसंच मिटलं. पान फुटलं म्हणजे आई चालली. पलंगाखालून पिशवी निघेल, चेन ओढली जाईल, दादाच्या गाडीत पुढची सीट मागे केली जाईल. तिने मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. नवरा आत रेडिओ लावत होता, आईच्या खोलीची खिडकी उघडी होती, पण खिडकीत नुसता पडदा. तिने हात पुढे केला. अंगठ्याचं नख त्या कोंबावर टेकलं. एवढंसं तर होतं. नुसतं दाबायचं. दुसरं येईल की चार-आठ दिवसांनी, झाड आता जगलंच आहे, कुणाचं काय बिघडणार? नखाखाली तो कोंब मऊ होता, ओलसर. कवळीच्या कडेवरून बोट फिरवून कणभर खोट शोधणारं तिचं बोट, ते त्या कोंबावर थांबलं आणि त्याला तिथे खोट सापडेना. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदम तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की कानशिलं तापली. अगं बयो, मुळं सोडवायला आई मातीत बसली आणि तू इथे कोंब खुडायला निघालीस? तिने हात मागे घेतला, पदराला पुसला, आणि पुन्हा मोह होऊ नये म्हणून जवळजवळ धावतच आत गेली.

आई खिडकीच्या कट्ट्यावरच्या आरशापुढे वाकून वेणी घालत होती.

"आई, पान फुटलं."

"माहितीये," आई आरशात बघतच म्हणाली.

"माहितीये म्हणजे?"

"झाले की काही दिवस. भिंतीकडच्या बाजूला आणखी एक आहे, चांगलं उलगडलंय. तू इकडच्या बाजूनेच बघतेस रोज."

"मग बोलली का नाहीस?"

आईचा हात वेणीत थांबला. "बोलले असते तर दादाला फोन करावा लागला असता ना."

रेडिओवर कुणीतरी बातम्या सांगत होतं. लेक दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि ते वाक्य, इतकी वर्षं येऊन परत गेलेलं, या वेळी परत गेलं नाही. "आई, इथेच राहा गं. पिशवी नको आता. मला तू हवीयेस इथे." आणि म्हणता म्हणता ती रडायला लागली, अगदी लहान मुलासारखी, नाक ओढत.

आईने वेणीचं टोक बांधलं. सावकाश सरळ झाली, एका हाताने मान चोळली. "वाकून वाकून मान गेली माझी," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याकडे खिळा असेल ना एखादा?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती डोळे न पुसताच ओरडली, "अहो! अहो, हातोडी आणा!"

तो धावत आला, हातात हातोडी, तोंडात दोन खिळे, काय पडलं-झडलं म्हणून घाबरलेला. आरसा कुणाचा, खिळा कशाला, सगळं ऐकून त्याने सासूकडे पाहिलं, बायकोच्या ओल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखा भिंतीकडे वळला. आईने आरसा लेकीच्या हातात दिला. "दादाला म्हणावं, चिडू नकोस. आता येणंजाणं मी करणार नाही, तूच येत जा. तो यायचा ते गाडीत बसून बाहेरच हॉर्न वाजवायचा, आता आत येऊन बसेल तरी." जावयाने आरसा भिंतीला लावून अंदाज घेतला, पेन्सिलीने खूण केली आणि खिळा टेकवला.

"इथे बरोबर आहे ना, आई? तुमचा चेहरा नीट दिसतो?"

आई दोन पावलं मागे सरली, मान तिरकी करून बघितलं, आणि भिंतीवर बोट ठेवून ती खूण चांगली दोन बोटं खाली आणली.

"इथे ठोका. म्हातारं माणूस वर्षावर्षाला आखडत जातं. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी मला दिसायला नको त्यात?"

त्याने टोला मारला. नव्या भिंतीचा पोपडा सुटला, पांढरी भुकटी आईच्या केसांवर आणि फरशीवर पडली, आणि लेक आरसा छातीशी धरून पुढच्या टोल्याची वाट बघत उभी राहिली.